जुनी कंबरदुखी: कोणता उपचार घ्यायचा, कोणता सोडायचा

दर गुरुवारी आमच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपीची ओपीडी असते. सकाळची पहिली एसटी आली की बाया-माणसं एका हातात केस पेपर आणि दुसऱ्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन येतात. त्या पिशवीत चार-पाच वर्षांचं सगळं असतं. घडी पडून तडे गेलेले एक्स-रे, एमआरआयची मोठी फिल्म, तीन गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, अर्धी राहिलेली गोळ्यांची पाकिटं, घामानं पिवळा पडलेला कमरेचा पट्टा. सगळं टेबलावर ओतून मावशी विचारते, "सांग बाई आता, याच्यातलं काय करू न् काय सोडू?"

हा लेख त्याच प्रश्नासाठी आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या गावात वाढले. माझ्या मायनं आठ वर्षं कंबरदुखी काढली. त्यातली दोन वर्षं ती गावात येणाऱ्या एका डॉक्टरच्या पांढऱ्या गोळीवर होती. गोळी घेतली की त्याच दिवशी माय वेचणीला जायची, म्हणून सगळ्यांना तो माणूस देव वाटायचा. हळूहळू तिचा चेहरा गोल झाला, शुगर निघाली, आणि एक दिवस पाण्याचा गुंड उचलताना मणका दबला. ती गोळी स्टेरॉइडची होती हे आम्हाला मोठ्या दवाखान्यात कळलं. तेव्हा मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. आज पिशवी घेऊन आलेल्या प्रत्येक मावशीत मला माय दिसते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिली पायरी: दुखणं नवं की जुनं, ते ठरवा

गाठोडं उचलताना चमक भरली आणि आठ दिवस झाले, तर ते नवं दुखणं. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत उतरतं. एक-दोन दिवसांच्या वर अंथरुणाला खिळून राहायचं नाही, जमेल तसं हिंडत-फिरत राहायचं.

तीन महिन्यांच्या वर गेलं की ती जुनी कंबरदुखी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कंबरदुखीच्या जवळपास ९० टक्के लोकांत एक हाड, एक गादी, एक नस असं बोट ठेवून दाखवता येईल असं कारण सापडत नाही. दुखणं मात्र खरंच असतं. इतके महिने त्रास काढल्यावर स्नायू ताठर आणि कमजोर झालेले असतात, आणि दुखण्याची खबर देणाऱ्या नसा फार हळव्या होतात. एकदा पुलावर बिचकलेला बैल पुढं साध्या मोरीवरही थबकतो, तसं शरीर वाकायच्या आधीच आवळून धरतं. जुन्या दुखण्यात ही भीतीही मोडावी लागते. निव्वळ गोळीनं ती मोडत नाही.

दुसरी पायरी: घाईचं काही आहे का, ते आधी पाहा

उपचारांची तुलना करण्याआधी हे एकदा घरच्यांसोबत बसून वाचा.

लघवी अडली, किंवा न कळता कपड्यात होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, तर १०८ ला फोन करा आणि त्याच रात्री मोठा दवाखाना गाठा. शेपटीकडच्या नसांचा जुडगा दबल्याची ही खूण आहे. अशा वेळी तासांचा हिशोब असतो. सकाळी पाहू म्हणून थांबलेल्यांची लघवी पुन्हा कधी सुरळीत झाली नाही, असं मी पाहिलं आहे.

पायातली ताकद कमी होत चालली, पंजा उचलत नाही, चालताना चप्पल निसटते पण कळत नाही, तर दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठायचा. ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, झाडावरून किंवा गाडीवरून पडणं, ही चिन्हं असली तरी तपासणी लांबवायची नाही. म्हाताऱ्या माणसाला पडायचीही गरज नसते, ठिसूळ मणका साध्या धक्क्यानं दबतो.

तिसरी पायरी: आपल्या भागातली कारणं

पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलेली माहिती आपल्याकडे अपुरी पडते. गावातल्या माणसानं पाच गोष्टी मनात ठेवायच्या.

मणक्याचा टीबी. यात खोकला असतोच असं नाही. संध्याकाळचा बारीक ताप, मेलेली भूक, सैल झालेले कपडे, आणि पाठीच्या एकाच मणक्यावर बोट दाबलं की कळ निघणं. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मणक्याच्या टीबीचा कोर्स साधारण वर्षभराचा, कधी जास्तही. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. वेळेत धरला तर माणूस चालत घरी येतो.

सिकलसेल. आईबापाकडून येणारा हा रक्ताचा आजार, पूर्व विदर्भात तर घरोघरी हे नाव माहीत आहे. कोवळं पोरगं, रक्त कमी, डोळे पिवळसर, आणि मधूनच कंबर-हातपाय फुटून निघाल्यासारखे दुखतात. थंडी, तहान, तापानं हे दुखणं उसळतं. त्यावर मालिश करत बसायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. पहिली रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. जांघेत दुखून लंगडत असेल तर खुब्याचा सांधाही पाहून घ्या.

फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि मोठ्यांची पाठ-मान ताठ, असं एकाच वस्तीत दिसलं तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला पाणी तपासणीला पाठवायला सांगा. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी प्यायचं नाही. उकळून ते जात नाही. अशा घरात व्यायामाआधी पाणी बदलावं लागतं.

सकाळचा ताठरपणा. वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा सांगतो की उठल्यावर अर्धा-एक तास कंबर लाकडासारखी असते, कामाला लागलं की मोकळी होते, सुट्टीच्या दिवशी मात्र जास्त दुखते. साध्या कंबरदुखीच्या बरोबर उलटं हे चित्र आहे. हा संधिवाताचा प्रकार असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात, लवकर सुरू झाली तर पाठ वाकत नाही.

आणि पाचवी गोष्ट बायांची. अंगावरून पांढरं जातं आणि कंबर दुखते, या दोन तक्रारी आपल्याकडे एका श्वासात सांगतात. मग कुणीतरी म्हणतं, "पिशवी काढून टाक, कंबर राहून जाईल." डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायांची तपासणी करून १९८९ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापलं होतं की ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता. इतक्या बायांना पांढरं जात असेल आणि इतक्याच बायांची कंबर दुखत असेल, तर दोन्ही एकाच बाईत सापडणारच. म्हणून एक दुसऱ्यामुळे होतं असं ठरत नाही. पांढरं जाण्याचा इलाज करून घ्या, तो साध्या गोळ्यांनी होतो. पण कंबरदुखीसाठी गर्भाशय काढू नका. कमी वयात पिशवी, त्यात अंडाशयंही गेली, तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि कंबर आहे तिथंच दुखते. पस्तिशीत पिशवी काढलेल्या आणि तरीही माझ्यासमोर कंबर धरून उभ्या असलेल्या बाया पाहिल्या की जीव तुटतो.

चौथी पायरी: 'गॅप' आणि एमआरआय

"डॉक्टरनं सांगितलं, मणक्यात गॅप पडला." हे वाक्य मी दिवसातून पाचदा ऐकते. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन हाडांमध्ये फट पडली, आता वाकलं की हाड सरकेल. प्रत्यक्षात दोन मणक्यांमध्ये रबरासारखी गादी असते. वयानं ती सुकते, चपटी होते, आणि मणक्यांमधलं अंतर कमी होतं. म्हणजे फट वाढत नाही, उलट घटते.

कंबर दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचे अभ्यास २०१५ साली एकत्र करून पाहिले गेले. वीस वर्षांच्या निरोगी लोकांत ३७ टक्क्यांची गादी झिजलेली निघाली. पन्नाशीत ८० टक्क्यांची झिजलेली, आणि ६० टक्क्यांची गादी बाहेर फुगलेली. यातल्या कुणालाच दुखत नव्हतं. चाळिशीनंतर चष्मा लागतो तसंच हेही.

म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा: "या फोटोनं माझा उपचार बदलणार आहे का?" घाईची चिन्हं असतील, टीबीची शंका असेल, किंवा पायात जाणारी कळ सहा आठवडे झाले तरी हटत नाही आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार चालला असेल, तर उत्तर हो येतं आणि एमआरआय करायलाच हवा. नाही आलं तर ते पैसे पोरीच्या फीसाठी ठेवा.

पाचवी पायरी: एकेक उपचार तोलून पाहा

प्रत्येक उपचाराला चार प्रश्न विचारा. यानं मला कोणतं काम करता येईल? किती दिवस टिकेल? बसचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी धरून खर्च किती? आणि उलटं गेलं तर काय होईल? भाडं आणि मजुरी लोक हिशोबात धरतच नाहीत, आणि बरेचदा दवाखान्याच्या बिलापेक्षा तीच जड होते.

सुई आणि सलाईन. दुखण्याची सुई आणि दुखण्याची गोळी यांत औषध साधारण तेच असतं. सुईचा आराम काही तासांचा. चुकीच्या जागी टोचली तर पायाची मोठी नस दुखावते, घाण सुईनं गळू होतो. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, कंबरेला त्याचा उपयोग नाही.

दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही एकाच कुळातली. कामाच्या जड आठवड्यात किंवा व्यायाम सुरू करताना थोडे दिवस, कमीत कमी डोस, जेवणानंतर, डॉक्टरच्या सांगण्यानं घेतल्या तर मदत होते. यातली दोन औषधं एकत्र घ्यायची नाहीत. गोळी चालू असताना वरून सुई घेतली की तेच होतं. बीपी, हृदयविकार, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर ते आधीच सांगा. शौच डांबरासारखं काळं झालं तर गोळी बंद करून लगेच दवाखान्यात जा. वेचणीच्या दिवसांत उन्हात पाणी कमी पिऊन रोज या गोळ्या खाणं किडनीला फार महागात पडतं.

स्टेरॉइड. चिठ्ठीवर नाव न लिहिता सुटी गोळी किंवा कागदाची पुडी कुणी देत असेल आणि एका दिवसात जादू होत असेल, तर संशय धरा. जडीबुटीच्या नावानं मिळणाऱ्या पुड्यांतही हे मिसळलेलं सापडतं. मात्र महिनोन्महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, त्यानं जिवाला धोका होतो. राहिलेली पुडी सोबत घेऊन सरकारी डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवतील. मायचं तसंच केलं होतं.

ट्रामाडोलसारख्या गोळ्यांची सवय लागते, जुन्या कंबरदुखीसाठी त्या नकोत. 'नसेची गोळी' म्हणून प्रीगाबालिन फार लिहिली जाते. पायात जाणाऱ्या कळेवरही तिचा फायदा चाचण्यांत दिसला नाही, आणि चक्कर मात्र येते. चालू असेल तर कशासाठी आणि किती दिवस, हे विचारून घ्या.

पट्टा, वजनं, मशीन. हे लिहिताना मला जपून लिहावं लागतं, कारण ही यंत्रं माझ्याच खोलीत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टा, वजनं लावून ओढणं, अल्ट्रासाउंड आणि करंटचं मशीन रोजच्या उपचारात वापरू नये असं म्हटलं आहे. दहा दिवस फक्त शेक आणि करंट घेऊन कुणी घरी जात असेल, तर त्याच्या दहा दिवसांच्या मजुरीचं नुकसान झालं. फिजिओथेरपी घ्यायची ती व्यायाम शिकायला, अंग कसं वापरायचं ते समजून घ्यायला. दोन-तीन फेऱ्यांत ते होतं.

मालिश, शेक, कटीबस्ती (कमरेवर पिठाचं आळं करून कोमट तेल ठेवणं). अंग मोकळं वाटतं, झोप लागते. त्याच सूचनांत मालिशला जागा आहे. तीळतेल घरी चोळलं तरी चालेल. त्या मोकळ्या झालेल्या तासाभरात व्यायाम केला तर त्या तेलाचं चीज होतं. पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेणं, हे बहुतेक वेळा नव्या चमकेवर करतात आणि ती तशीही उतरणार असते. म्हाताऱ्या, ठिसूळ हाडांच्या माणसाला ते करू देऊ नका. तापलेल्या लोखंडाचा डाग मात्र कुणालाच देऊ नका. भाजलेली जखम चिघळते, शुगर असेल तर आणखीच.

व्यायाम. फायद्याचा पुरावा इथं भक्कम आहे, खर्च जवळजवळ नाही, उलटं जायची भीती कमी. अडचण एवढीच की फळ दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि दुखत असताना हलायला मन धजत नाही. कोणता व्यायाम सर्वांत भारी, हे ठरलेलं नाही. योगासनं असोत की चालणं, चालू राहील तो तुमचा. शेतात दिवसभर राबतो मग व्यायाम कशाला, असं सगळे विचारतात. वेचणीत शरीर एकाच तऱ्हेनं तासन्तास वाकलेलं असतं, आणि त्यानं ते थकतं. व्यायामात ते सगळ्या बाजूंनी, थोडं थोडं, वाढवत नेलं जातं, म्हणून ताकद येते.

मन. कर्ज, पोरीचं लग्न, नापिकी, दारूचा त्रास, झोप नाही, यांनी दुखणं खरोखर वाढतं, कारण तेच शरीर आणि त्याच नसा. ऐकून घेणारं माणूस हवं असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरच्या एकाला सांगा.

मणक्यातलं इंजेक्शन. कळ कमरेतून ढुंगणावरून पायाच्या बोटांपर्यंत जात असेल आणि एमआरआयमध्ये त्याच बाजूची नस दबलेली असेल, तर एक्स-रे यंत्राखाली नसेजवळ औषध सोडतात. आराम काही आठवड्यांचा, तेवढ्यात चालणं सुरू करता येतं. फक्त कंबर दुखणाऱ्याला त्याचा फारसा लाभ नाही.

ऑपरेशन. लघवीचा ताबा गेला किंवा पाय लुळा पडत चालला तर ऑपरेशनला पर्याय शोधत बसायचं नाही. पायातल्या असह्य कळेसाठी गादीचं ऑपरेशन लवकर आराम देतं. पण नेदरलँड्समधल्या २००७ च्या चाचणीत लवकर ऑपरेशन केलेले आणि थांबून पाहिलेले, दोघंही वर्षभरानं जवळपास सारख्याच ठिकाणी पोचले होते. बाहेर आलेली गादी बऱ्याच जणांत आपोआप आकसते. म्हणजे ज्याच्या घरी पेरणी तोंडावर आहे आणि कळ सहन होत नाही, तो लवकर करून घेईल. ज्याला थांबणं परवडतं, तो थांबेल. दोघंही बरोबर. सत्तरीतल्या आजोबांना दोनशे पावलं चालल्यावर पाय जड पडतात, ओट्यावर टेकून वाकलं की बरं वाटतं, त्यांच्या मणक्यातली जागा अरुंद झालेली असू शकते. त्यांनाही ऑपरेशनचा फायदा होतो. पण पायात काहीच नाही, फक्त कंबर दुखते, आणि कुणी स्क्रू टाकून मणके जोडायला सांगतो, तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

सहावी पायरी: जायचं कुठं, सोबत काय न्यायचं

आधी गावचं उपकेंद्र, आता त्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी असते. तिथून ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ सेवेवर मोठ्या डॉक्टरशी बोलता येतं. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार फुकट आहेत. मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, पण तिथले दरही खासगीपेक्षा कमी असतात. यवतमाळचं वसंतराव नाईक मेडिकल, नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी मेघे, यांतलं जे जवळ पडेल ते. गडचिरोलीकडच्यांना सर्च संस्थेचं शोधग्राम आहे, तिथं मणक्याच्या आजारांची शिबिरंही होत आली आहेत.

ऑपरेशन ठरलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना विसरू नका. आता सर्व रेशनकार्डधारकांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखाना योजनेत असला तर दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. ठरलेलं ऑपरेशन योजनेत बसतं का आणि याच दवाखान्यात होतं का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. मंजुरी आधी घ्यावी लागते, नंतर भरलेले पैसे परत मिळवणं कठीण. चौकशीचा नंबर १५५३८८. रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत असू द्या. सोबत घरातलं असं माणूस न्या, ज्याला डॉक्टरांना पुन्हा विचारायला संकोच वाटत नाही.

सातवी पायरी: बारा आठवडे स्वतःला द्या

घाईचं काही नाही असं कळलं की हे सुरू करा. पोळा ते दिवाळी साधारण दोन महिने असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली तर मोठ्या वेचणीच्या वेळी अंगात फरक असतो.

पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास इथपर्यंत न्या. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या एका चाचणीचे निकाल २०२४ साली आले. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांतून एका गटाला असं चालणं शिकवलं. त्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं, न शिकवलेल्यांचं ११२ दिवसांनी.

सोबत तीन व्यायाम. उताणं झोपून, गुडघे वाकवून, कंबर जमिनीवरून उचलायची, पाच मोजायचे, खाली. ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर फुगवायची, मग खाली सोडायची. बाजेच्या कडेवर बसून हात न लावता उठायचं, बसायचं. सुरुवातीला पाच-पाच वेळा, हळूहळू पंधरापर्यंत. करताना थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. पायातली कळ वर सरकत कमरेत गोळा झाली तर घाबरू नका, ती चांगली खूण आहे. खाली पावलाकडे पसरत गेली तर तो व्यायाम थांबवून दाखवायला या.

आता शेतात. मी ओपीडीत एक काठी ठेवली आहे. मावशीच्या पाठीवर उभी लावते, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेली. मग म्हणते, गुडघे जरा सैल सोड आणि मागच्या दाराला कुल्ल्यानं धक्का द्यायचा आहे असं समज. तिची मांडी ताणली जाते, काठी सुटत नाही, आणि ती चकित होऊन म्हणते, "अवं माय, वाकली तं मी, पण कमरेत काईच झालं नाई!" गाठोडं उचलायची एक सोपी तऱ्हा तिला त्या क्षणी सापडलेली असते. वाकणं वाईट नसतं. त्याच एका वाकात तास काढणं अंगावर येतं. म्हणून एका ओळीचं टोक आलं की कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुका. कमरेची ओटी गच्च भरेपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की रिकामी करा. मोठ्या गाठोड्याची दोन करा, एक फेरी जास्त होईल. निंदणाला बसून कंटाळा आला की थोडी पात ओणव्यानं, थोडी गुडघा टेकून. फवारणीचा पंप दोन्ही खांद्यांवर, काठोकाठ न भरता. मुकादम किंवा शेतमालक कुरकुर करतील, तेव्हा सांगा की दुपारनंतरचा कापूस बघा.

आणि पोरांची जुनी वही घ्या. रोज दुखणं दहापैकी किती ते लिहू नका, त्यानं लक्ष तिथंच खिळतं. आठवड्यातून एकदा लिहा की किती ओळी वेचल्यावर बसावं लागलं, आठवडी बाजारात किती वेळ हिंडले, रात्री किती वेळा जाग आली. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. दुखणं तेवढंच वाटत असतानाही ओळी वाढलेल्या दिसतात, आणि बाया तिथंच हसतात.

बारा आठवड्यांनी ती वही घेऊन तुमच्या फिजिओथेरपिस्टकडे किंवा डॉक्टरकडे जा. ओळी वाढल्या असतील तर हेच चालू ठेवायचं. वाढल्याच नसतील, तर पुढची तपासणी, इंजेक्शन, सर्जनचं मत यांवर बोलायची ती योग्य वेळ असते. आमच्याकडे गुरुवारी या. पिशवी नाही आणली तरी चालेल, वही आणा.